भंगारातून बैठकीच्या खोलीत!

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे वाचत असाल तर जरा उठा आणि खुर्ची उलटी करा. बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात ५ हा आकडा दिसला, तर ती पॉलिप्रॉपिलीनची. लग्नाच्या मांडवात शेकड्याने दिसणाऱ्या या एकसंध खुर्चीच्या घराण्यातलं गाजलेलं नाव म्हणजे फ्रान्सच्या आंरी मासोने यांची १९७२ची ‘फोतोय ३००’. साच्यातून अख्खी खुर्ची दोन मिनिटांच्या आत बाहेर! आता त्याच घराण्यात कचऱ्यातून जन्मलेल्या देखण्या खुर्च्या आल्या आहेत.

पहिला मान डिझायनर जेन अ‍ॅटफील्डला. १९९२ मध्ये लंडनला तिने शाम्पू-डिटर्जंटच्या बाटल्यांच्या चुऱ्यापासून बनवलेल्या फळ्या घेतल्या आणि त्यांची सरळसोट खुर्ची जोडली. जवळून पाहा: लाल, निळे, पिवळे ठिपके एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी बसलेत. रंग फासून मूळ लपवायचा मोह तिने टाळला, आणि मला तरी हेच सर्वांत भावतं. ही खुर्ची आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

डर्क व्हॅन्डर कोय या डच तरुणाने कारखान्यातून निवृत्त झालेला यंत्रमानव मिळवला आणि जुन्या फ्रिजमधलं प्लास्टिक वितळवून त्याच्या हाती दिलं. सोऱ्यातून चकली पडावी तशी जाड, सलग धार थरावर थर चढत जाते आणि खुर्ची उभी राहते. २०१०च्या या ‘एंडलेस चेअर’वर हात फिरवला तर एकेक थर बोटांना लागतो.

त्याच वर्षी एमेको या अमेरिकी कंपनीने कोका-कोलासोबत ‘१११ नेव्ही चेअर’ आणली. एका खुर्चीत किमान १११ बाटल्या! मूळ खुर्ची १९४४ची, अमेरिकी नौदलासाठी घडवलेली, अ‍ॅल्युमिनियमची. नव्या अवतारात बळकटीसाठी काचतंतू मिसळलेत. दणकट काम, यात शंका नाही. पण काच मिसळली की पुढचं पुनर्चक्रीकरण अवघड होतं. म्हणून मला डिझायनर कोन्स्टान्टिन ग्रचिचची ‘बेल चेअर’ उजवी वाटते. इटलीच्या माजिस कंपनीने २०२० मध्ये आणलेली ही खुर्ची कंपनीच्याच कारखान्यातल्या आणि तिथल्या मोटार उद्योगातल्या टाकाऊ पॉलिप्रॉपिलीनची. वजन फक्त २.७ किलो. मोडली तर दळा आणि पुन्हा साच्यात घाला.

एकाच जातीचं प्लास्टिक वेगळं काढणं हीच पुनर्चक्रीकरणाच्या धंद्यातली खरी मेहनत. एक साधी युक्ती घरीही करून पाहता येते: पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो, पाण्याच्या बाटलीचं ‘पेट’ प्लास्टिक बुडतं. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये जात आणि रंग पाहून हातांनी निवड होते, मग चुरा, मग दाणा. डिझायनरच्या नावामागे अशा निवडणाऱ्या हातांचंही श्रेय असतं आणि ते खुर्चीवर लिहायला हवं.

‘सी चेअर’ने मूळ सांगण्यात कमाल केली. स्टुडिओ स्वाइन या डिझाइन स्टुडिओने कीरन जोन्ससोबत समुद्रातून निघालेलं प्लास्टिक वितळवून स्टुलं घडवली आणि प्रत्येकावर ते कुठे सापडलं त्याचे अक्षांश-रेखांश लिहिले! नॉर्वेच्या स्नोहेटा या डिझाइन संस्थेने आपल्या ‘एस-१५००’ खुर्चीसाठी मत्स्यपालनातल्या झिजलेल्या जाळ्या आणि दोर वापरले. बेल्जियमची इकोबर्डी मुलांच्या मोडक्या खेळण्यांपासून मुलांसाठीच खुर्च्या बनवते. आणि ‘टिप टन आरई’ या खुर्चीमध्ये जर्मनीतल्या घराघरांतून पिवळ्या पिशवीत गोळा होणारा वेष्टनांचा कचरा आहे.

शेवटी एक हिशेब. द न्यू रॉ या चमूने २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमसाठी प्लास्टिक कचऱ्यातून त्रिमितीय छपाईचा बाक तयार केला. वजन साधारण ५० किलो. त्यांच्या आकडेवारीनुसार तिथला माणूस वर्षाला २३ किलो प्लास्टिक टाकतो. म्हणजे दर दोघांमागे दरवर्षी जवळपास एक नवा बाक.