प्रतिकृतीची पारख

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज पसरले आहे. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांमुळे राजधानीत येणाऱ्या मराठी माणसास हा परिसर परका वाटत नाही. एके काळी स्थानकाबाहेर त्याची वाट पाहत काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची अँबॅसिडर टॅक्सी उभी असे. हिंदुस्तान मोटर्सने २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबविले. ज्यांचा प्रवास, नोकरी वा बालपण तिच्याशी जोडलेले आहे, त्यांना तिची धातूची छोटी प्रतिकृती घरात असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र साधे खेळणे आणि संग्राह्य प्रतिकृती यांच्या किमतीत मोठी तफावत असते. रोखपाल जसा नोट हातात घेताच पारखतो, तशीच पारख येथेही शिकता येते.

धातू : डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून केलेले ओतकाम. हा धातू बहुधा जस्ताचा असतो व त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम मिसळलेले असते. वस्तू हातास थंड व आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. लोहचुंबकाची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते, कारण जस्त आणि प्लॅस्टिक दोन्हीही चुंबकास चिकटत नाहीत.

माप : १:१८, १:४३ व १:६४ ही प्रचलित प्रमाणे होत. १:४३ हे प्रमाण खेळण्यातील आगगाड्यांवरून आले. ब्रिटनच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी मोटारींनी १९३० नंतरच्या दशकात ते रूढ केले. मूळ अँबॅसिडरची लांबी सुमारे ४.३ मीटर होती. म्हणून १:४३ प्रमाणातील प्रतिकृती १० सेंटिमीटरच्या आसपास भरावयास हवी. खोक्यावर प्रमाण छापलेले असेल, तर साध्या मोजपट्टीने त्याची खातरजमा होते.

बारकावे : प्रथम दारे व बॉनेट यांच्या फटी पाहाव्यात, त्या बारीक व सर्वत्र सारख्या असाव्यात. रंगाचा थर जाड असेल, तर तो याच फटी बुजवितो आणि कोरीव रेषा बोथट करतो. दिवे केवळ चंदेरी ठिपके आहेत की पारदर्शक काचेप्रमाणे वेगळे बसविले आहेत, हे पाहावे. काळा व पिवळा रंग जेथे मिळतात, ती कड सरळ हवी. पुढची जाळीही गाडीच्या सालाशी जुळली पाहिजे. १९७९ च्या मार्क फोरची जाळी लावलेली गाडी १९६५ ची म्हणून विकली जात असेल, तर तिची चकाकी कितीही असो, ती प्रतिकृती सदोषच होय. शेवटी गाडी काउंटरच्या काचेवर ठेवावी. एखादे चाक अधांतरी राहिले, तर सांगाडा वाकडा आहे असे समजावे.

छुपा दोष : जुनी वस्तू घेताना अधिक सावध असावे. जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर काही वर्षांनी धातू आतूनच फुगतो, तडकतो आणि अखेर त्याचा भुगा होतो. दमट हवेत ही क्रिया वेग घेते. रंगावरील फोड, केसासारख्या तडा, पूर्वी लागणारे पण आता न लागणारे दार ही तिची लक्षणे. यावर उपाय नाही. नवा रंग दिल्याने दोष केवळ झाकला जातो. नुकत्याच रंगविलेल्या जुन्या गाडीविषयी म्हणूनच चौकशी करावी.

किंमत व कागद : मूळ खोके व पावती जपून ठेवावी, पुनर्विक्रीच्या वेळी त्यांनाही मोल असते. वस्तू लहान मुलाच्या हाती द्यावयाची असेल, तर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. बारीक सुटे भाग असलेली संग्राह्य प्रतिकृती ही मुलांनी खेळावयाची वस्तू नव्हे.

पुढे भाव वाढेल, या विक्रेत्याच्या आश्वासनावर मात्र व्यवहार करू नये. प्रतिकृती म्हणजे मुदत ठेव नव्हे. तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि घेणारा भेटेपर्यंत तिची किंमत केवळ कल्पनेतच असते. घरखर्च व बचत बाजूला काढून उरलेल्या पैशांतून, डोळसपणे निवडून घेतलेली वस्तू पुढील पिढीस दाखविताना जे समाधान देते, तोच तिचा खरा परतावा होय.