दहावीच्या निकालामागची नववी

८ जून २०१९ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा नागपूर विभाग राज्यात तळाला होता. आकडा होता ६७.२७ टक्के. आदल्या वर्षीही हा विभाग शेवटचाच होता, पण तेव्हा ८५.९७ टक्के मुले पास झाली होती. भंडारा जिल्हा याच विभागातला. पुढच्या वर्षी विभागाचा निकाल ९३.८४ टक्क्यांवर गेला आणि आदल्या जूनमध्ये सुरू झालेली चर्चा तिथेच थांबली.

एका वर्षात मुले ढ झाली नव्हती आणि पुढच्या वर्षात हुशारही झाली नव्हती. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. दहावीचा अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता. निकाल घसरला, ओरड झाली, गुण परत आले. चाळणीची भोके लहानमोठी झाली, धान तेच होते. ६७.२७ आणि ९३.८४ हे दोन आकडे शेजारी ठेवूनच भंडाऱ्यातल्या माध्यमिक शिक्षणाच्या मागच्या पन्नास वर्षांकडे पाहावे, असे मला वाटते. या काळात दर्जा वाढवण्याचे आणि मागे पडलेल्यांना हात देण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. त्यातले बहुतेक दहावीच्या परीक्षेच्या दारात झाले. आठवी-नववीच्या वर्गात फार थोडे झाले, आणि अडचण खरी तिथेच होती.

पन्नास वर्षांमागे प्रश्न वेगळा होता. १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा आणि १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा यांच्यामुळे मोठ्या गावांत सरकारी हायस्कुले उभी राहिली. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, १ मे १९९९ ला ते वेगळे झाले. गावापासून चालत जाता येईल अशा अंतरावर हायस्कूल असणे हीच त्या पिढीची लढाई होती आणि ती तिने मोठ्या जिद्दीने लढली. त्या शाळांत शिकलेल्या मुलांतूनच पुढे इथल्या शाळांना शिक्षक मिळाले, म्हणून त्या पिढीचे ऋण मी मनापासून मानतो.

१९७५ च्या मार्चमध्ये अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी कोल्हापूरकडच्या जे. पी. नाईकांचे समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणावरचे पुस्तक आले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेल्या नाईकांना हा त्रिकोण देशभर हाती लागत नसल्याचे दिसत होते. भंडाऱ्यात त्यातली संख्या तेवढी वाढत होती. निम्मा वर्ग नापास झाला तरी कोणाला नवल वाटत नसे. ‘कडक शाळा’ म्हणजे जिथे जास्त मुले गळतात ती, असा समज पालकांतही होता आणि मास्तरांतही.

गळालेल्या मुलाचे पुढे काय होई, हे धानाच्या हंगामावरून कळते. जूनमध्ये निकाल लागला की जुलैत रोवणी सुरू. पऱ्हे काढायचे, चिखलात दिवसभर वाकून रोप लावायचे. फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये असे आणि तेव्हा हलके धान कापणीला आलेले असे. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत अडलेला मुलगा त्या चार महिन्यांत पुस्तक उघडणार कधी आणि शिकवणार कोण? शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव उरलेले नसे. ऑक्टोबर हुकला की मार्च, मार्च हुकला की बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म, आणि मग एके दिवशी तो तुमसरच्या राइस मिलमध्ये किंवा नागपूरच्या एखाद्या बांधकामावर दिसे. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली आणि पास झालेल्याला त्याच वर्षी अकरावी मिळू लागली. मागच्या काही दशकांत परीक्षा मंडळाने केलेल्या बदलांत हा मला सर्वांत माणुसकीचा वाटतो. रोवणीची अडचण तेवढी राहिली. २०१६ पासून गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शेराही गेला आणि त्या जागी कौशल्य विकासास पात्र असे लिहून येऊ लागले. मुलाच्या मनावरचा घाव त्याने हलका झाला असेल, पण ज्या अपूर्णांकात तो अडला होता तो त्याला त्यानंतरही कोणी समजावला नाही.

या काळात महाराष्ट्राने दोन गावांची नावे ‘पॅटर्न’ म्हणून पाठ केली. लातूर पॅटर्न म्हटले की राजर्षी शाहू महाविद्यालय, जादा तासिका आणि सतत होणाऱ्या चाचण्या डोळ्यांपुढे येतात. नांदेड पॅटर्न म्हणजे २०१० मध्ये जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी राबवलेले कॉपीमुक्त अभियान. आमच्याकडे दोन्हींची नक्कल झाली आणि दोन्हींचा अर्धाच भाग आला. बैठी पथके आली, भरारी पथके आली, आणि ती यायलाच हवी होती. परीक्षा केंद्राच्या खिडकीखाली उभे राहून चिठ्ठ्या पुरवणाऱ्या भावांनी आणि काकांनी प्रामाणिक मुलांचे जे नुकसान केले, त्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. पण नांदेडचे नाव घेताना आपण पथके घेतली आणि कॉपीची गरजच पडू नये म्हणून वर्षभर करायची शिकवणी सोडून दिली. लातूरची गंमत अशी की चाचणी घ्यायची, तपासायची, चुकले ते पुन्हा शिकवायचे आणि पुन्हा चाचणी घ्यायची, ही तिथली रीत हुशार मुलांसाठी बेतली गेली. पण मागे पडलेल्या मुलाला तिची गरज दुप्पट असते. ती रीत त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. त्याच्या हाती अपेक्षित प्रश्नसंच आला आणि दहावी त्याने पाठांतरावर काढली, किंवा त्यावरच ती गेली.

आता नववीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथे बसला आहे.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचे नाही असे ठरले. राज्याने त्याच ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आदेश काढला. मूल्यमापन खरोखर सातत्याने झाले असते, तर सहावीतच कळले असते की या मुलीला भागाकार येत नाही. पण नोंदवह्या भरल्या गेल्या आणि भागाकार तसाच राहिला. मूल आठवीपर्यंत सरळ वर येई आणि नववीत पहिल्यांदा कोणीतरी त्याला अडवी. आणि ते अडवणेही त्याच्या भल्यासाठी नसे. दहावीच्या निकालावर शाळेचे नाव, पुढच्या वर्षीचे प्रवेश आणि त्यावरून ठरणारी शिक्षकांची पदे अवलंबून असत, म्हणून कच्चे मूल दहावीत जाण्याआधी नववीतच थांबवायचे. ज्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागे, तिथल्या नववीच्या हजेरीपटाकडे बघायला कोणी जात नसे. दहावीच्या टक्केवारीत ही मुले मोजलीच जात नाहीत. नापास म्हणूनही त्यांची नोंद कुठे होत नाही.

नववीतल्या अशा मुलाला खरे काय येत नाही, हे वर्गात बसून बघितल्यावर फार सोपे निघते. तो धानाचा पायली-कुडवाचा हिशेब तोंडी करतो, पण अपूर्णांकाचे चिन्ह दिसले की थांबतो. धडा मोठ्याने वाचतो, पण एका परिच्छेदात लेखकाला काय म्हणायचे होते ते सांगता येत नाही. इंग्रजीत क्रियापद कुठे आहे हे ओळखत नाही, म्हणून व्याकरणाचा प्रत्येक नियम त्याला वेगळा आणि नवा वाटतो. घरची झाडीबोली बोलताना तो मोकळा असतो, पण वहीवर ‘पानी’ लिहिले की तांबडी रेघ येते, आणि अशा शंभर रेघांनंतर तो निबंधच लिहीत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, पण शाळेच्या फळ्यापर्यंत त्या कामाचा मान पोचला नाही. ही चार-पाच कौशल्ये आहेत. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचू शकत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे गणित ४३.३ टक्के मुलांनाच जमले. वय किंवा इयत्ता न पाहता पातळी पाहून गट करायचे, ही ‘प्रथम’ संस्थेची पद्धत प्राथमिक शाळांत रुजली. हायस्कुलात ती आणायला आपण लाजलो, कारण नववीच्या वर्गात भागाकार शिकवणे म्हणजे दर्जा घसरणे, असे आम्हा शिक्षकांना वाटत राहिले. माझे मत नेमके उलट आहे. ज्या वर्गात हे शिकवले जात नाही, तिथे बीजगणिताचे नुसते सोंग चालते.

२२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या आदेशानंतर पायाभूत चाचण्या आल्या. अप्रगत मुलांच्या याद्या झाल्या, उपचारात्मक अध्यापन हा शब्द घरोघर गेला. याद्या करणे हे मोठे पाऊल होते, कारण मुलाचे नाव घेऊन बोलायची सवय लागली. पण शिकवायला माणूस लागतो. २ मे २०१२ पासून शिक्षकभरतीवर बंदी होती, आणि पवित्र पोर्टलवरून भरती सुरू होईपर्यंत अनेक हायस्कुलांत गणित आणि विज्ञान एकाच शिक्षकाकडे आणि इंग्रजी ज्याला वेळ असेल त्याच्याकडे, अशी स्थिती होती. यादीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा तास ठेवावा, तर त्यांची एसटी निघून जाई.

म्हणूनच मानव विकास कार्यक्रमाबद्दल मला आदराने लिहावेसे वाटते. २०११ पासून त्याचा विस्तार झाला आणि भंडाऱ्यात निळ्या बसगाड्या दिसू लागल्या, खास मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी. आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, माध्यमिक शाळांत अभ्यासिका आल्या. परीक्षेचे नियम न बदलता, घर आणि शाळा यांच्यामधली अडचण दूर करणारी अशी योजना क्वचितच येते. बस चुकली की शाळा बुडते, आणि रोज दोन तास बुडले की इंग्रजीतले क्रियापद कायमचे राहून जाते. सायकलवर शाळेत आलेली मुलगी जादा तासाला थांबू शकते. अभ्यासिकेत एक दिवा, एक सतरंजी आणि एक शिक्षक एवढे असले, तरी ज्या घरात संध्याकाळी सातला स्वयंपाक आणि भावंडे सांभाळणे सुरू होते, तिथल्या मुलीला तो दीड तास सोन्यासारखा मिळतो. जिथे अभ्यासिकेत शिक्षक खरोखर बसले, तिथे ती चालली. जिथे नुसती किल्ली शिपायाकडे राहिली, तिथे नाही.

हुशार मुलांची बाजूही या सगळ्यात निसटू नये. २००८ पासूनची एनएमएमएस शिष्यवृत्ती आठवीतल्या गरीब मुलांसाठी आहे आणि ती मिळवायला बुद्धिमत्ता चाचणीत कस लागतो. या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शाळांत मी एक गोष्ट पाहिली आहे : मागच्या बाकावरची मुलेही कोडी सोडवायला पुढे सरकतात. अवघड प्रश्न फक्त पहिल्या पाचांसाठी राखून ठेवणाऱ्या शाळेत मात्र बाकीच्यांना आपण त्यातले नाही, हे लहानपणीच कळून चुकते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि नदीकाठच्या गावांत घरे पाण्याखाली गेली. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्यापुढे आता पुस्तकाचाही प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग हळूहळू उघडले. २०२१ ची दहावीची परीक्षा झालीच नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि त्यासाठी शंभरातले ५० गुण नववीच्या वार्षिक निकालावर धरले होते. नववीला एवढे वजन मिळाले ते त्या एकाच वर्षी, आणि तेही नाइलाजाने. जुलै २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. मागच्या इयत्तेचे राहिलेले आधी शिकवा आणि मग पुढचे, हे सरकारने स्वतःहून मान्य केले. महामारी ओसरल्यावर शाळा पुन्हा नेहमीच्या रुळावर आली, पण सेतू मात्र हायस्कुलाच्या वेळापत्रकात कायमचा आला नाही. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी नागपूर विभाग पुन्हा राज्यात शेवटचा राहिला : ९२.०५, ९४.७३ आणि ९०.७८ टक्के.

आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची आणि तीही गेली तर त्याच वर्गात ठेवायचे, असा नियम आहे. हे दोन महिने म्हणजे आमच्याकडे मे आणि जून. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, जंगलालगतची कुटुंबे तेंदूपत्त्यावर गेलेली आणि विदर्भातल्या शाळा जवळजवळ जूनअखेरपर्यंत बंद. या काळात आठवीतल्या मुलाला वर्गात बसवून भागाकार शिकवता येईल, असे इथे राहणारा कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे मोकळा काळ वेगळा आहे. धान घरात आले, गावची मंडईची जत्रा आटोपली की उन्हाळी धानाची गावे सोडून डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मुलांच्या हाताला शेतीचे काम कमी असते. पहिल्या सत्राचा निकालही तोवर शिक्षकांच्या हाती आलेला असतो. आठवी-नववीचे गट तेव्हा पाडावेत, रोजचा एक तास त्यांच्यासाठी वेळापत्रकात लिहावा, निळ्या बसची परतीची वेळ त्या तासाप्रमाणे बदलून घ्यावी, आणि दहावीच्या निकालाचा फलक लावताना आदल्या वर्षी नववीत किती मुले होती आणि त्यातली किती दहावीला बसली, हेही त्याच फलकावर लिहिण्याचा आग्रह जिल्हा परिषदेने धरावा.