साक्षीदाराचे संरक्षण आणि स्थलांतर
संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात, म्हणजे मकोकात, कलम १९ नुसार साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवता येतो. मात्र एखाद्या लहान गावात, जिथे कोणाच्या दारी पोलिसांची गाडी थांबली हे सांजेपर्यंत पारावर कळते, तिथे कागदावरची गुप्तता अपुरी पडते. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभर लागू केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती, पोलिसांचा धोका-विश्लेषण अहवाल, म्हणजे जिवाला किती भय आहे याची तपासणी, पाहून बंदोबस्त, नवी ओळख किंवा स्थलांतर मंजूर करते. स्थलांतर हा सर्वांत कठोर उपाय होय, कारण शेतकऱ्याला घर हलवता येते, पण पेरलेले शेत, विहीर आणि गोठ्यातली जनावरे मागेच राहतात.