'रामटेक'मध्ये अक्षरे किती?

'रामटेक' या शब्दात अक्षरे किती, असे पहिलीतल्या मुलाला विचारा. रा, म, टे, क असे बोटांवर मोजून तो चार सांगेल. पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या भाषेतील 'स्ट्रलेन' या तयार फंक्शनला विचारले तर उत्तर येते १८. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट 'लेंग्थ' सांगते ६. हिशेब दोघींचाही बरोबर आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पीएचपीने ते बाइट मोजले. जावास्क्रिप्टने चिन्हे मोजली: र, काना, म, ट, मात्रा, क. आपण ज्याला अक्षर म्हणतो, ते मात्र दोघींनीही मोजले नाही.

तयार फंक्शन त्याच्या कर्त्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. आपला प्रश्न वेगळा असेल, तर फंक्शनही आपणच लिहायला हवे.

फंक्शन म्हणजे नाव दिलेली कृती. तिला कच्चा माल द्यायचा, त्याला पॅरामीटर म्हणतात. ती जे उत्तर परत देते, ते रिटर्न. एकदा लिहून ठेवली की नाव घेऊन कितीही वेळा बोलवावी. आतले मोजणीचे आकडे आतच राहतात, बाहेरच्या प्रोग्रामशी त्यांची गल्लत होत नाही. विशेष म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचे नाव चक्क देवनागरीत ठेवता येते. आपण 'अक्षरेमोज' ठेवू.

त्याचे नियम तीन. व्यंजन किंवा स्वतंत्र स्वर आला की एक मिळवा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आले तर सोडून द्या. हलन्ताचे चिन्ह आले तर एक वजा करा, कारण ते व्यंजन पुढच्याला जोडले गेले किंवा त्याचा स्वर गेला. 'रामटेक'मध्ये चार व्यंजने, हलन्त नाही, उत्तर चार. 'मंदाक्रांता'मध्ये म, द, क, र, त ही पाच व्यंजने आणि 'क्रां'मध्ये दडलेला एक हलन्त. उत्तर पुन्हा चार. पाचसात ओळींचे फंक्शन, पण मराठीला पुरते समजणारे.

मंदाक्रांता हे कालिदासाच्या 'मेघदूता'चे वृत्त. त्यातला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, तो म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच, असे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात १७ अक्षरे असतात. म्हणजे 'अक्षरेमोज' चरणाची पहिली चाचणी घेऊ शकते. पण १७ अक्षरांची वृत्ते आणखीही आहेत. म्हणून दुसरे फंक्शन लागते, 'लघुगुरू'. स्वर दीर्घ असेल, अनुस्वार वा विसर्ग असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल, तर अक्षर गुरू, एरवी लघू. तिसरे फंक्शन 'वृत्तओळख' या दोघांना बोलावते आणि आलेला क्रम म, भ, न, त, त, ग, ग या मंदाक्रांतेच्या गणांशी ताडून पाहते: आधी चार गुरू, मग पाच लघू, मग गुरू-गुरू-लघू दोनदा आणि शेवटी दोन गुरू.

सगळे एकाच लांबलचक प्रोग्राममध्ये कोंबता आले असते. पण लघू-गुरूचा नियम चुकला, तर दुरुस्ती नेमकी कुठे करायची हे तुकडे वेगळे असल्यामुळेच कळते. शिवाय 'अक्षरेमोज' पुढे शब्दकोड्याला, ओवीच्या अभ्यासाला किंवा बालवाचनाच्या पुस्तकांत सोपे शब्द निवडायलाही चालते.

रामटेकात १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. एकीकडे छंदःशास्त्र जाणणारे, दुसरीकडे कोड लिहिणारे. दोघांनी मिळून अशी फंक्शने लिहावीत, तपासावीत आणि सर्वांसाठी खुली ठेवावीत. आपल्या भाषेचे नियम आपल्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार?