नळकांडीतले दोन कोटी परके

राहुरी-संगमनेरकडच्या गोठ्यातून सकाळी फोन जातो: ‘डॉक्टर, गाय माजावर आलीय, बळस टाकतेय.’ मोटारसायकलवर कॅन बांधून डॉक्टर येतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रातून चिमट्याने एक स्ट्रॉ उचलतात, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, पुसून गनमध्ये बसवतात. पाव मिलिलिटरच्या त्या नळकांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. पाच मिनिटांत काम उरकतं.

गायीच्या अंगाला मात्र ते सगळे परके. काही तासांतच पांढऱ्या पेशी गर्भाशयात धावून येतात आणि त्यांना गिळू लागतात. खरं तर शुक्राणू वळूच्या अंगातही परकेच. ते तयार होतात वयात आल्यावर, आणि आपलं कोण हे प्रतिकारशक्तीने त्याच्या कितीतरी आधी ठरवलेलं असतं. म्हणून वृषणात त्यांच्याभोवती पेशींची भिंत असते.

भिंतीबाहेर पडल्यावर पास लागतो. माणसाच्या शुक्राणूवर सीडी ५९ हे प्रथिन असतं. परक्या पेशीला भोक पाडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना ते अडवतं. बीटा-डिफेन्सिन १२६ या प्रथिनाचा थर माणसाच्या शुक्राणूवर असतो, वळूच्याही. २०११ मध्ये दिसलं, की काही पुरुषांत त्याच्या जनुकातली दोन अक्षरं गळालेली असतात. शुक्राणूंची संख्या ठीक, पोहणंही ठीक. पण स्त्रीच्या ग्रीवेतल्या चिकट स्रावासारख्या द्रवातून ते नीट सरकत नाहीत, आणि पाळणा लांबतो. गोठ्यातली गन ग्रीवा ओलांडून जाते, त्यामुळे बळसाची परीक्षा बरीचशी टळते. पांढऱ्या पेशींची टळत नाही.

सगळ्यांत चक्रावणारं प्रथिन सीडी ४६. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीवर ते पहारा देतं. शुक्राणूवर मात्र ते डोक्यावरच्या टोपीखाली लपलेलं असतं. बीजांडाजवळ टोपी फुटली की उघडं पडतं. उंदरात तर ते जवळजवळ वृषणापुरतंच. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरातून ते काढून टाकलं. पिल्लं कमी होतील, असंच कुणालाही वाटलं असतं. ती कमी झाली नाहीत. उलट शुक्राणूंच्या टोप्या आपोआप, वेळेआधीच फुटू लागल्या. म्हणजे पहारेकऱ्याकडे झाकण धरून ठेवायचंही काम असावं.

गाय उलटली की बोलणी वळूला आणि डॉक्टरांना. बऱ्याचदा माजाची वेळच हुकलेली असते. मालक भिंतीवर खडूने तारीख लिहितो आणि पुढचे २१ दिवस मोजत राहतो.