मक्याचं प्लास्टिक आगीत टिकावं म्हणून त्यात माती का मिसळतात?

थ्रीडी प्रिंटरमध्ये जी प्लास्टिकची तार वापरतात, ती बहुतेकदा पीएलएची असते. मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं हे विघटनशील प्लास्टिक. कप-चमच्यांपर्यंत ठीक, पण याचंच चार्जरचं कव्हर करायचं म्हटलं तर? इथेच घोडं पेंड खातं. पीएलए सहज पेटतं आणि जळताना त्याचे पेटते थेंब खाली गळतात. म्हणजे आग एका जागी थांबत नाही.

जुना उपाय ब्रोमीनयुक्त रसायनांचा. पण त्यातलं 'डेकाबीडीई' निसर्गात इतकं चिवटपणे टिकून राहतं की २०१७ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पर्यावरणासाठी बनवलेल्या प्लास्टिकमध्ये असलं काही मिसळायचं, याला काय अर्थ?

म्हणून संशोधक वळले मातीकडे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचा एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड असतो. अशी काही टक्के माती प्लास्टिकमध्ये नीट पसरली, की जळताना पृष्ठभागावर कोळसा आणि मातीचं कवच तयार होतं. बाहेरची उष्णता आत शिरायला आणि आतले ज्वलनशील वायू बाहेर पडायला वेळ लागतो. थेंबही कमी गळतात.

सगळी मेख त्या 'नीट पसरली'मध्ये आहे. या मातीला पाणी आवडतं, प्लास्टिकला नाही. त्यामुळे गुठळ्या होतात. आधी मातीवर सेंद्रिय रसायनांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय एकटी माती आगीचा जोर कमी करते, ज्योत विझवेलच असं नाही. विद्युत उपकरणांसाठीच्या यूएल-९४ चाचणीत व्ही-० श्रेणी हवी असेल, तर तिच्या जोडीला बहुधा फॉस्फरसयुक्त पदार्थ घालावे लागतात.