घसा बसला तर

आपल्या घशात दोन लहान पट्ट्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वासाने त्या थरथरल्या की आवाज निघतो.

आम्ही मास्तर मंडळी. वर्गात ओरडून आमचा घसा कितीदा तरी बसला! पण चार दिवसांत तो सुटे. तीन आठवडे झाले, तरी आवाज घोगराच आहे? मग ज्येष्ठमध चघळत बसू नये. जिल्ह्याच्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरला दाखवावे. विडी ओढणाऱ्याने तर दाखवावेच. कधी कधी तो स्वरतंतूचा कॅन्सर असतो. या रोगाचे एवढेच बरे, की तो लवकर चाहूल देतो. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असली, तरी आवाज बदलतो.

तेव्हाच सापडला, तर तो लेसरने काढता येतो. लेसर म्हणजे प्रकाशाचा बारीक, प्रखर किरण. तो सुरीसारखा कापतो आणि कापता कापता रक्तही थांबवतो. रोग्याला भूल देतात. तोंडातून घशात नळी घालतात. दुर्बिणीतून पाहून रोगट भाग तेवढा काढतात. गळा बाहेरून चिरावा लागत नाही. कोणाला लेसरऐवजी किरणांचा शेक देतात. आवाज थोडा घोगरा राहील, पण बोलता येते.

उशीर झाला, तर पुष्कळदा सारे स्वरयंत्रच काढावे लागते. मग गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यावा लागतो.